काढलेल्या प्रशिक्षकाची भरपाई कोणाच्या खिशातून?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तेथील अमेरिकन फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाला २०२३ मध्ये काढून टाकताना सहाशे कोटींहून अधिक रुपये द्यायचे ठरले, असे त्याने सांगितले. हा पैसा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून जातो का? आणि तो देणगीदार देत असतील, तर प्रशिक्षक कोण असावा हेही तेच ठरवतात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या भाच्याने सांगितले ते खरे आहे. जिंबो फिशर यांना १२ नोव्हेंबर २०२३ रोजी पदावरून दूर करण्यात आले. आदल्याच दिवशी त्यांच्या संघाने मिसिसिपी स्टेट विद्यापीठाला ५१-१० असे हरवले होते. करारानुसार त्यांना सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणे भाग होते. त्यातील १ कोटी ९० लाखांहून थोडी अधिक रक्कम साठ दिवसांच्या आत द्यायची होती आणि उरलेली दरवर्षी सुमारे ७२ लाख डॉलरप्रमाणे २०३१ पर्यंत.

शुल्काविषयीची शंका लगेच दूर करता येते. पहिला मोठा हप्ता ट्वेल्थ मॅन फाउंडेशनकडे जमा झालेल्या, विशिष्ट कामासाठी राखून न ठेवलेल्या देणग्यांतून आणि पुढील हप्ते क्रीडा विभागाच्या उत्पन्नातून दिले जातील, असे तत्कालीन क्रीडा संचालक रॉस ब्योर्क यांनी त्याच वेळी जाहीर केले होते. अर्थात हे एका श्रीमंत क्रीडा विभागाचे झाले. अनेक लहान विद्यापीठांत खेळांचा खर्च भागवण्यासाठी विद्यार्थ्यांकडून वेगळे शुल्क घेतले जाते.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ट्वेल्थ मॅन फाउंडेशन ही विद्यापीठाच्या क्रीडा विभागासाठी निधी उभारणारी स्वतंत्र संस्था आहे. एक लाखाहून अधिक प्रेक्षकांच्या काइल फील्ड मैदानात चांगल्या जागेचे हंगामी तिकीट हवे असेल, तर तिकिटाच्या किमतीशिवाय या संस्थेला दरवर्षी देणगी द्यावी लागते. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत हीच पद्धत आहे. २०१७ च्या करकायद्यापर्यंत अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलतही मिळत असे. त्यामुळे देणगीदार म्हणजे केवळ चार-दोन अब्जाधीश नव्हेत; हजारो माजी विद्यार्थी दर हंगामात पैसे भरतात आणि संघ हरू लागला की त्यांची नाराजी जमाखर्चात उतरते. मोठ्या देणगीदाराला मात्र क्रीडा संचालक स्वतः फोन करतात, आणि हा फरक लहान नाही.

कागदोपत्री नेमणुकीचा अधिकार विद्यापीठाकडेच असतो, आणि देणगीदाराची सही करारावर नसते. प्रशिक्षकाला काढताना त्यांचा दबाव सर्वांना दिसतो, पण माझ्या मते त्यांचा खरा प्रभाव त्याच्या कितीतरी आधी, करार लिहिला जात असतानाच पडलेला असतो. फिशर यांना २०१७ मध्ये दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरची पूर्ण हमी मिळाली. २०२० चा हंगाम उत्तम गेला. दुसरे विद्यापीठ त्यांना नेईल या धास्तीने २०२१ मध्ये मुदत २०३१ पर्यंत वाढली आणि वेतन वर्षाला ९० लाख डॉलरच्या वर गेले. पुढच्याच वर्षी संघाने पाच सामने जिंकले आणि सात हरले. या करारात एक अट नव्हती : काढल्यानंतर प्रशिक्षकाने दुसरी नोकरी शोधावी आणि तेथील वेतन भरपाईतून वजा व्हावे. आपल्या तिजोरीतून पैसे मोजणारा व्यवस्थापक ही अट सहसा सोडत नाही. मागितले की देणारे आहेत, याची खात्री असली म्हणजेच ती सुटते.

या अटीने किती फरक पडतो हे पेन स्टेट विद्यापीठात दिसले. तेथे ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढले, तेव्हा भरपाईचा आकडा पाच कोटी डॉलरच्या आसपास होता. त्यांना व्हर्जिनिया टेकमध्ये काम मिळाल्यावर प्रकरण ९० लाख डॉलरमध्ये मिटले.

देणगीदारांनी थेट कराराचा भार उचलल्याचे उदाहरण मिशिगन स्टेट विद्यापीठाचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील प्रशिक्षक मेल टकर यांना दहा वर्षांचा साडेनऊ कोटी डॉलरचा करार मिळाला आणि त्यासाठीच्या रकमेत मॅट इश्बिया व स्टीव्ह सेंट आंद्रे या दोन माजी विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. इश्बिया हे गृहकर्ज देणाऱ्या मोठ्या कंपनीचे प्रमुख असून विद्यार्थिदशेत याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात होते. त्यांच्या आपुलकीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण सार्वजनिक विद्यापीठाने दहा वर्षांची जबाबदारी स्वीकारायची आणि तिचे मोजमाप दोन व्यक्तींच्या उत्साहावर ठरायचे, हे मला मुळीच पटत नाही. टकर यांना सप्टेंबर २०२३ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारीनंतर सकारण काढण्यात आले, म्हणून उरलेले सुमारे आठ कोटी डॉलर देण्यास विद्यापीठाने नकार दिला. तसे कारण नसते, तर ते द्यावेच लागले असते.

हाच पैसा शिष्यवृत्त्यांना का जात नाही, असे आपल्या मनात आले असेल. देणगीदार विशिष्ट हेतूने देतो आणि तो हेतू बदलण्याचा अधिकार विद्यापीठाला नसतो, हे खरेच आहे. मात्र कोणत्या कामासाठी देणगीदारापुढे हात पसरायचा हे विद्यापीठच ठरवते. फिशर यांच्या पहिल्या हप्त्यासाठी वापरलेल्या देणग्यांवर तर कोणतेही बंधन नव्हते. म्हणून नियामक मंडळाने कराराला मान्यता देण्यापूर्वी भरपाईची पूर्ण रक्कम, ती देण्याची हमी घेणाऱ्यांची नावे आणि वेतन वजा करण्याची अट जाहीर करावी, अशी सक्ती राज्यांनी करायला हवी, असे मला ठामपणे वाटते.