संकेतस्थळावर ओव्या लिहिताना ओळी एकत्र होतात, शब्द ठळक होत नाहीत. यासाठी कोड शिकावा लागतो का?

तुमच्या प्रश्नात तीन अडचणी आहेत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या टंकताना दोन-दोन ओळींत नीट दिसत होत्या, प्रकाशित केल्यावर सगळ्या एकापुढे एक चिकटून आल्या. **'पुरणपोळी'**साठी असं लिहून शब्द ठळक करायला गेलात, तर तारका तशाच दिसत राहिल्या. आणि पुरणाच्या साहित्याचं कोष्टक स्पेस देऊन जुळवलं होतं, ते विस्कटलं. शेवटी विचारलं आहे, 'आता पंचावन्नाव्या वर्षी कोड शिकू का?'

कोड शिकायची गरज नाही. आठ-दहा खुणा पुरतात, आणि त्यातल्या निम्म्या तुम्ही व्हॉट्सॲपवर रोज वापरत असाल. पण सुरुवात ओव्यांपासून करू या, कारण शब्द ठळक झाला नाही तरी वाचता येतो. ओवीची ओळ मोडली की ओवीच मोडते.

मी बावीस वर्षं मुद्रितशोधन केलं, त्यातली पहिली काही वर्षं खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात. लेखकाचं हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्याआधी त्यावर खुणा करायच्या असत. हे शीर्षक, हे मोठ्या टाइपात. याच्याखाली नागमोडी रेघ, म्हणजे ठळक. इथे नवा परिच्छेद. या खुणा छापल्या जात नसत, त्या जुळाऱ्यासाठी असत. इंग्रजी छापखान्यांत याच कामाला मार्कअप म्हणत आणि संगणकाने तो शब्द तिथूनच उचलला. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कागदपत्रांसाठी अशी एक खूणभाषा तयार केली. तिच्यातून पुढे एसजीएमएल आली आणि त्याच वळणावर वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएल, म्हणजे वेबपानांची खूणभाषा, बेतली. म्हणजे तुम्ही ज्याला कोड म्हणून बिचकता आहात, तो प्रत्यक्षात जुळाऱ्याला लिहिलेला निरोप आहे. फक्त जुळाऱ्याच्या जागी आता ब्राउझर बसला आहे.

या नव्या जुळाऱ्याची एक सवय मात्र जुन्याच्या अगदी उलट आहे. आमच्याकडे कवितेची ओळ जिथे संपे तिथून पुढची रिकामी जागा क्वाड घालून भरावी लागे. क्वाड म्हणजे अक्षर नसलेला शिशाचा तुकडा. ओळ तोडणं हे हाताने करायचं काम होतं आणि हस्तलिखितात तुटलेली ओळ कोणी आपल्या मनाने जोडत नसे. ब्राउझर जोडतो. एचटीएमएल लिहिणारे आपल्या सोयीने कुठेही एंटर मारतात, म्हणून एक एंटर म्हणजे एक स्पेस एवढाच अर्थ तो घेतो. सलग दहा स्पेस दिल्या तरी त्याची एकच होते. तुमच्या ओव्या चिकटल्या त्या यामुळे, आणि कोष्टक विस्कटलं तेही यामुळेच.

मग ओळ टिकवायची कशी? तुमच्या वर्णनावरून ते संकेतस्थळ मार्कडाउन वापरतं असं दिसतं. मार्कडाउन ही जॉन ग्रुबर यांनी २००४ साली ॲरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने आणलेली साधी खूणपद्धत. खुणांसकट कच्चा मजकूरसुद्धा माणसाला वाचता यावा, हा तिचा मूळ हेतू. तिच्यात एक पूर्ण रिकामी ओळ सोडली की नवा परिच्छेद होतो. परिच्छेदाच्या आत ओळ तोडायची असेल तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस देऊन एंटर मारायचं. बहुतेक ठिकाणी हीच युक्ती सांगतात, पण मी तुम्हाला ती सांगणार नाही. त्या दोन स्पेस डोळ्यांना दिसत नाहीत, मजकूर टंकण्याची कितीतरी सॉफ्टवेअर त्या गुपचूप काढून टाकतात आणि फोनवर दोनदा स्पेस दाबली की अनेकदा पूर्णविराम उमटतो. ओवीच्या मध्येच पूर्णविराम! त्यापेक्षा ओळीच्या शेवटी उलटी तिरपी रेघ द्या:

ओवीची पहिली ओळ\
ओवीची दुसरी ओळ

दोन ओव्यांच्या मध्ये एक रिकामी ओळ सोडा. उलटी रेघ चालली नाही तर एचटीएमएलचा बीआर हा टॅग वापरा, म्हणजे कोनी कंसांत लहान लिपीतली बी आणि आर ही दोन इंग्रजी अक्षरं. मार्कडाउन चालतं तिथे सहसा हा टॅगही चालतो.

ओव्यांसाठी आणखी एक खूण मला फार मोलाची वाटते: ओळीच्या सुरुवातीला > हा उजवीकडे टोक असलेला कोनी कंस. तिने मजकूर थोडा आत सरकतो आणि 'हे शब्द दुसऱ्याचे आहेत' असं कळतं. तुम्ही ओवी लिहून खाली तिचा अर्थ सांगता, कधी आजीने सांगितलेली हकिगत जोडता. वाचणाऱ्याला आजी कुठे थांबली आणि नात कुठे बोलू लागली हे एका नजरेत समजायला हवं. ओवीच्या प्रत्येक ओळीला > द्या आणि स्वतःचं निवेदन साधं ठेवा. मौखिक परंपरेतलं काही लिहून ठेवताना गाणारीचे शब्द आणि नोंदणारीचे शब्द वेगळे राहिलेच पाहिजेत, याबद्दल मी अगदी आग्रही आहे. पन्नास वर्षांनी कोणी हे वाचलं तर त्याला विचारायला आपण नसू.

आता ठळक अक्षरं. व्हॉट्सॲपवर एका तारकेत शब्द घातला की तो ठळक होतो. मार्कडाउनमध्ये एका तारकेने तो तिरपा होतो, ठळक करायला दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका लागतात. हे तुम्हाला माहीत होतं, तरीही फसलं. चूक तुमची नव्हती, ती मराठीच्या प्रत्ययांची गाठ आहे. इंग्रजीत शब्दानंतर स्पेस येते, आपल्याकडे 'ला', 'साठी', 'च्या' शब्दालाच चिकटतात. मार्कडाउनचे नियम २०१४ पासून कॉमनमार्क या नावाने काटेकोर लिहिले गेले. त्यांत असं आहे की बंद करणाऱ्या तारकांच्या आधी विरामचिन्ह असेल आणि नंतर लगेच अक्षर असेल, तर त्या तारका बंद करणाऱ्या मानायच्या नाहीत. तुम्ही लिहिलेल्या **'पुरणपोळी'**साठी मध्ये तारकांआधी अवतरणचिन्ह आहे आणि पुढे 'सा'. म्हणून सगळं तसंच राहिलं. अवतरण तारकांच्या बाहेर काढा: '**पुरणपोळी**'साठी. लगेच जमेल.

हाच घोटाळा **टीप:**पुरण असं लिहिल्यावरही होतो, कारण विसर्गासारखं दिसणारं ते अपूर्णविरामचिन्ह आत आहे. तिथे तारकांनंतर एक स्पेस द्या. कंसाचंही तसंच. आणि तारकेऐवजी अधोरेषा वापरू नका: _पुरण_ला असं लिहिलं तर शब्दाच्या मध्ये आलेली अधोरेषा खूण म्हणून धरली जात नाही. मराठीत लिहिणाऱ्याने तारकाच वापरावी.

तिरप्या अक्षरांबद्दल माझं मत विचाराल तर ती टाळाच. रोमन लिपीत तिरपं वळण हा वेगळा घडवलेला टाइप असतो. देवनागरीचे फार थोडे फाँट तसं वळण घेऊन येतात. बाकी ठिकाणी ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून वाकवतो, मग मात्रा आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर कलतात. पुस्तकाचं नाव किंवा बोलीतला शब्द दाखवायला एकेरी अवतरण आपल्याकडे छान रुळलेलं आहे. आणि जोर द्यायचा असेल तर मराठीत 'च' आहे. 'गूळच घालायचा' यात जेवढा जोर आहे तेवढा ठळक टाइपात नाही.

साहित्याच्या कोष्टकाचा हट्ट नसेल तर साधी यादी करा: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक आडवी रेघ, मग स्पेस, मग जिन्नस. क्रमांक हवे असतील तर लक्षात ठेवा, मार्कडाउन फक्त इंग्रजी आकड्यांना क्रमांक मानतं. '१.' लिहिलंत तर त्याला तो साधा मजकूर वाटतो आणि कृतीच्या सगळ्या पायऱ्या ओव्यांसारख्याच एकमेकींना चिकटतात. आकडा इंग्रजी टाका, दिसताना तो देवनागरी दिसावा ही सोय संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हातात असते. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, यादीचा प्रकार देवनागरी ठेवता येतो, तशी त्यांना विनंती करा. ते होईपर्यंत प्रत्येक पायरी वेगळ्या परिच्छेदात लिहा आणि तिला देवनागरी आकडा द्या, काही बिघडत नाही.

कोष्टक हवंच असेल तर स्पेसने न जुळवता उभ्या रेघांनी लिहा:

| जिन्नस | माप |
|---|---|
| हरभरा डाळ | २ वाट्या |
| गूळ | २ वाट्या |

मूळ मार्कडाउनमध्ये ही सोय नव्हती, नंतर जोडली गेली. त्यामुळे तुमच्या संकेतस्थळावर आधी तपासून बघा. कोणी सांगेल की मजकूर कोड म्हणून टाका, म्हणजे स्पेस आणि ओळी जशाच्या तशा राहतील. तसं करू नका. ओळी राहतील हे खरं, पण कोडसाठी निवडलेल्या फाँटमध्ये सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असतात आणि त्यांत देवनागरी बहुधा नसते. मग ब्राउझर दुसऱ्याच फाँटमधून अक्षरं आणतो, 'क्षी' आणि 'र' सारख्या रुंदीचे होत नाहीत आणि जुळवलेलं पुन्हा विस्कटतं. शिवाय अंध वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली ओवीला कोड समजू शकते.

कोडची खूण कोडसाठीच ठेवा. समजा उद्या तुम्हीच कुणाला शिकवायला बसलात आणि खुणा खुणांसारख्याच दाखवायच्या आहेत, तर त्या बॅकटिकमध्ये, म्हणजे डावीकडे कललेल्या बारीक खुणांमध्ये, ठेवा: `**पुरणपोळी**`. बॅकटिक ही कळ सहसा एस्केपच्या खाली असते, तिच्यासाठी कळफलक इंग्रजीवर करून घ्या. खुणा कधीही वर्डमधून किंवा फोनच्या टिपणवहीतून चिकटवू नका, तिथे सरळ अवतरणं आपोआप वळणदार होतात आणि टॅगमध्ये ती चालत नाहीत.

विकिपीडियावर किंवा विकिस्रोतावर या ओव्या न्यायचं कधी मनात आलं तर तिथल्या खुणा वेगळ्या आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, म्हणजे मार्कडाउनच्याही आधी. तिथे तीन एकेरी अवतरणांनी '''ठळक''' होतं, == शीर्षक == असं लिहितात आणि दुवा दुहेरी चौकोनी कंसात देतात. इथेही मराठीचं व्याकरण आडवं येतं. लेखाचं नाव 'पुणे', पण वाक्यात आपण 'पुण्याला' लिहितो. सामान्यरूपात शब्दच बदलतो, म्हणून [[पुणे|पुण्याला]] असं लिहावं लागतं: रेघेच्या आधी खरं नाव, नंतर वाक्यातलं रूप. आणि तिथे ओळीच्या सुरुवातीला चुकून एक जरी स्पेस राहिली तरी ती ओळ चौकटीत जाऊन पडते. कवितेसाठी तिथे पोएम नावाचा टॅग आहे, त्याच्या आत ओळी जशा टंकाल तशा राहतात. ओव्यांसाठी त्याच्याइतकी सोयीची दुसरी खूण मी पाहिली नाही.

एक बारीक गोष्ट तुमच्या प्रश्नातच दिसली. तुम्ही 'दुसऱ्या' लिहिलंय ते 'दुसर्या' असं उमटलंय. जुन्या पद्धतीने हे अक्षर टंकताना र आणि हलन्त यांच्यानंतर न दिसणारा एक जोडक घालतात. काही संकेतस्थळं मजकूर स्वच्छ करताना तो काढून टाकतात आणि य वर रफार चढतो. खाली टिंब असलेला ऱ वापरून टंकलंत तर ही भीती राहत नाही. ओव्यांत 'सासऱ्या', 'दारच्या वाऱ्या' असे शब्द पावलोपावली येणार, म्हणून आत्ताच सवय करून घ्या.

आधी एकच ओवी टाका, झलक बघा, आणि झलक फोनवरही बघा, कारण लांब ओळ तिथे आपोआप दुमडते. खुणांसकट मूळ मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये स्वतःजवळ ठेवा, संकेतस्थळ बदललं तरी तो उपयोगी पडेल. अडलं तर ती ओवी खुणांसकट इथेच खाली लिहा. कुठली ओळ कुठे तुटते ते मात्र आजीच्या चालीवर म्हणून बघूनच ठरवा, ते मला इथून ऐकू येणार नाही.