सुपर-टाकुमार : आठ काचांची की सात?

प्रश्न : बोरा बाजारात सुपर-टाकुमार ५० मिमी, एफ १.४ अशा दोन जुन्या लेन्स पाहिल्या. एकीची काच पिवळट, दुसरीची स्वच्छ. स्वच्छ लेन्स ‘आठ काचांची’ म्हणून दुकानदार जास्त पैसे मागतो. खात्री कशी करायची?
(एक वाचक, दादर)

उत्तर : नुसती काच स्वच्छ आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका. असाहीने (पेंटॅक्स कॅमेरे काढणारी जपानी कंपनी) ही लेन्स १९६४ च्या सुमारास आठ काचांची काढली आणि लवकरच सात काचांवर आणली. समोरच्या कड्यावरचं नाव मात्र तेच राहिलं. सातवालीत मागच्या बाजूला थोरियमयुक्त काच असते. थोरियमच्या किरणोत्सर्गाने ती वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. तेव्हा चहासारखी पिवळट लेन्स सातवालीच समजा. स्वच्छ काच मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण पिवळेपणा घालवता येतो.

खरी खूण नळीवर आहे. डेप्थ ऑफ फील्डच्या (किती अंतरापर्यंतचं स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या) आकड्यांजवळ इन्फ्रारेडसाठी एक लाल रेघ असते. आकडे सुलटे दिसतील अशी लेन्स धरा. रेघ शेजारच्या ४ च्या उजवीकडे असेल तर आठवाली, डावीकडे असेल तर सातवाली. मग मागचं झाकण काढून बाजूने पाहा : आठवालीची मागची काच जास्त फुगीर, बाहेर आलेली दिसते. अशी लेन्स झाकणाशिवाय काउंटरवर उभी ठेवू देऊ नका, काचेवर चरा पडतो.

टॉर्च मारून प्रतिबिंबं मोजण्यात अर्थ नाही. ठळक प्रतिबिंबं काचांच्या गटांची पडतात आणि दोन्हींत गट सहाच आहेत. आठवालीत तीन काचा एकत्र चिकटवलेल्या आहेत. टॉर्चचा उपयोग बुरशी शोधायला करा, मुंबईच्या दमट हवेत ते जास्त महत्त्वाचं. कड्यावर ‘सुपर-मल्टी-कोटेड’ किंवा ‘एसएमसी’ असेल तर लेन्स सातवालीच, पुढे तपासायची गरज नाही.

फोटोत दोघींचा फरक थोडा आहे. संग्रहासाठी घेत नसाल तर बुरशी नसलेली, आतली पाती (प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारी) कोरडी असलेली लेन्स निवडा, मग ती सातवाली का असेना.

प्रश्न : पिवळेपणा घरी घालवता येईल का? आणि थोरियमचा धोका किती?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : येतो. यूव्ही एलईडी दिवा मागच्या काचेजवळ ठेवून काही दिवस लावा, रोज थोडा फरक दिसेल. लेन्स हाताला गरम लागली तर दिवा लांब करा. उष्णतेने फोकसचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर पसरतं आणि पाती चिकटतात. उन्हानेही काम होतं, पण उन्हात लेन्सच्या आसपास कागद-कापड नको आणि ती एकटी सोडू नका, आग लागू शकते. रंगीत फिल्मवर पिवळेपणाची छटा उतरते. डिजिटलमध्ये व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंगछटेच्या दुरुस्तीने) निभावतं.

कॅमेऱ्यावर लावून वापरायला ही लेन्स सुरक्षित आहे. थोरियमची काच मात्र घासू किंवा फोडू नका, तिची धूळ श्वासात जाता कामा नये.