आधी कुलूप काढ

बाळ,

तुझं पत्र मिळालं. शाळेत आरोग्य शिकवण्याचं प्रशिक्षण झालं, अकरा विषयांची पुस्तिका हातात आली, तक्ते लावलेस आणि सातवीच्या पोरी जांभया देतायत, कुठे चुकतंय म्हणून विचारतेस. फळ्यावर तू लिहितेस, 'भरपूर पाणी प्या'. मुलींच्या स्वच्छतागृहाला मात्र कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. हे तूच कळवलंयस, तेही ताजा कलम म्हणून! अगं, पत्राची सुरुवात तिथून करायची.

किल्लीसाठी सरांसमोर उभं राहायला नको म्हणून पोरी घरून निघतानाच पाणी पीत नाहीत. लघवी दाबून ठेवतात, मग जळजळ, मग ताप. पाळी आली की शाळाच बुडते. पाणी प्यावं हे त्यांना पहिलीपासून पाठ आहे. शाळेत जे करायची सोय नाही ते शिकवायला जाऊ नकोस. आधी सोय, मग धडा.

लोहाच्या निळ्या गोळीचंही तेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, आणि आठवड्याला एक गोळी द्यायची योजना त्याआधीपासून चालू आहे. गोळ्या जातात कुठे? पोरं जिभेखाली धरतात आणि मैदानात थुंकतात. परिपाठ संपल्या संपल्या उपाशीपोटी दिली तर मळमळणारच. खिचडी खाऊन झाल्यावर दे. त्यांच्यासमोर तूही एक घे. शी काळी होईल, घाबरायचं नाही, हे आधीच सांगून टाक, मुलग्यांनाही. वर लगेच चहा नको. एवढं बोललीस की पुरे.

वयात येण्याबद्दल मुलग्यांशी बोलायचं का, असंही विचारलंयस. हा काय प्रश्न झाला? झोपेत वीर्य गेलं म्हणून आपल्याला रोग जडला असं समजून कुढणारा पोरगा तुझ्याच वर्गात बसलाय. पण तो हात वर करून विचारणार नाही. त्यालाही सोय लागते: नाव न घालता चिठ्ठी टाकायची पेटी, आणि दर आठवड्याला ती उघडणारं माणूस.

मला सगळे भांडखोर म्हणायचे. नळाच्या तोट्यांसाठी मी ग्रामपंचायतीत ठाण मांडून बसायचे. "बाई, तुम्ही शिकवायचं बघा," म्हणायचे. अरे, तेच तर बघत होते! तोट्या बसल्या, जाळीच्या पिशवीत साबण टांगला, आणि जेवणाच्या रांगेतली पोरं न सांगता हात धुवायला लागली. भांडले ते योग्यच केलं, आजही म्हणेन.

पैसे नाहीत हे ऐकून घेऊ नकोस. सरकारकडून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठीच खर्चायचे असतात. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असतात, त्यातल्या कुणाची तरी लेक तुझ्या वर्गात असेलच. पुढच्या बैठकीआधी तिच्या घरी जाऊन ये. किल्लीचा विषय तिनेच काढू दे, तू अनुदानाचा हिशेब घेऊन शेजारी बस.

तुझी,
बाई