बी.एस्सी. की फोक रॉक? गुहागरच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या आपल्या मुलाला बी.एस्सी.चा प्रवेश सोडून स्वतःची गाणी लिहिणारा फोक रॉक (लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ) गायक व्हायचे आहे आणि 'यावर पोट भरेल का' ही आपली काळजी आहे, हे पत्रावरून समजले. केवळ कार्यक्रमांच्या मानधनावर पहिली काही वर्षे बहुधा भरणार नाही. म्हणून प्रवेश सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकला जन्मलेले आणि म्हैसूरला वाढलेले रघू दीक्षित या क्षेत्रात आज मोठे नाव आहे. त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि त्यांचा पहिला अल्बम २००८ मध्ये, तिशी उलटल्यावर आला.

शिमग्यात नमनाबरोबर, म्हणजे कोकणातील त्या पारंपरिक लोकनाट्याबरोबर, तो गिटार वाजवतो म्हणून गावातील वडीलधारी मंडळी रागावतात, असे आपण लिहिता. भजनातील पेटीही युरोपातूनच आली, हे त्यांना सांगायला हरकत नाही. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांनी विजेवरची गिटार वाजवली, तेव्हाही श्रोत्यांनी हुर्यो उडवली होती.

मला चिंता गिटारची नसून शब्दांची वाटते. जाखडी या कोकणातील लोकनृत्यात शक्ती आणि तुरा अशा दोन पक्षांचा गाण्यातून सामना होतो, त्यात शाहीर समोरच्याच्या सवालाला उभ्याउभ्या जबाब रचतो. गीतलेखनाची इतकी कडक तालीम शहरातील महागड्या वर्गांतही मिळणार नाही. पदवीची तीन-चार वर्षे त्याने सुट्टीच्या दिवशी एखाद्या जाणत्या शाहिराकडे बसावे, मृदंगावर हात बसवावा आणि लिहीत राहावे. पुढे मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीचा विचार करता येईल.

लिहिण्याचा आग्रह धरण्याचे व्यावहारिक कारणही आहे. पारंपरिक गाण्यावर कोणाचीच मालकी नसते. स्वतः रचलेल्या शब्दांवर आणि चालीवर मात्र कॉपीराइट हयातभर व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतील (गाणे वापरल्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यातील) गीतकार-संगीतकाराचा वाटा करारानेही सोडून देता येत नाही. तरीही एकरकमी पैशाच्या मोहात नवोदित कलाकार न वाचताच सह्या करतात, म्हणून कोणताही करार वकिलाला दाखवल्याशिवाय त्याने सही करू नये आणि गाणी प्रसिद्ध होऊ लागली की गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून त्यांना देणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या संस्थेचे सभासदत्व घ्यावे.

नव्या गिटारसाठी कर्ज काढण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. हाताशी पैसे असतील, तर त्याच्या स्वतःच्या एका गाण्याचे नीट ध्वनिमुद्रण करून घ्यावे.