खाणीतले गढूळ पाणी नाल्यात जाऊ नये म्हणून गाळाचे तळे आणखी खोल करावे का?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: जालना जिल्ह्यात आपली २ हेक्टरची दगडखाण आणि क्रशर आहे, खालच्या अंगाला गाळ बसण्यासाठी तळे खोदलेले आहे, तरीही मोठा पाऊस झाला की नाल्याला गढूळ लोंढा येतो आणि खालचे कापूसवाले शेतकरी तक्रार घेऊन येतात, म्हणून हे तळे आणखी १० फूट खोल करावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मृद व जलसंधारणाची कामे करता करता मी खाणींच्या पाण्याकडे वळलो, आणि मला बहुतेक ठिकाणी हेच दिसते की पोकलेन हाताशी असल्यामुळे खोदणे सोपे वाटते, पण दोष तळ्यात कमी आणि तळ्याच्या वर अधिक असतो.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तेवढा पाऊस आपल्या २ हेक्टरांवर पडला तर १,३०० घनमीटर पाणी होते, आणि उघड्या कातळावर त्यातले फारच थोडे जिरते. खाणीच्या वर ५ हेक्टरांचा माळ असेल, तर त्यावर पडणारे ३,२५० घनमीटर वेगळेच, आणि ते अडवले नाही तर त्यातला वाहून येणारा भाग खाणीत उतरून गढूळ होतो. म्हणून पाणलोटाच्या कामातला ‘माथा ते पायथा’ हा क्रम इथेही पाळावा. खाणीच्या वरच्या कडेने चर काढून माळाचे स्वच्छ पाणी खाणीला न शिवता थेट नाल्यात सोडावे. पर्यावरण मंजुरीच्या अटींत ज्याला गारलँड ड्रेन म्हणतात तो हाच. मात्र तो कागदावर चारी बाजूंनी असतो आणि जागेवर, विशेषतः वरच्या अंगाला, अनेकदा सापडतच नाही.

आता गाळाकडे वळू. शांत पाण्यात ०.०२ मिलिमीटरचा दगडाच्या भुकटीचा कण एक मीटर खाली बसायला साधारण पाऊण तास घेतो, ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला त्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक लागतात. आपल्याकडची काळी माती अशाच बारीक, फुगणाऱ्या चिकणमातीची बनलेली आहे. पाऊस चालू असताना तळ्याच्या सांडव्यावरून (जादा पाणी बाहेर पडते त्या वाटेवरून) एक पारदर्शक बाटली भरून घ्यावी आणि न हलवता ठेवून द्यावी. दुसऱ्या दिवशी तळाशी राखाडी थर बसून वरचे पाणी निवळले, तर ती क्रशरची डस्ट आहे आणि तळे सुधारून काम भागेल. वरचे पाणी चहासारखेच राहिले, तर ती माती आहे, आणि ती थोपवायची जागा तळे नव्हे, तर मातीचा ढीग आहे.

बहुतेक खाणींत खरे दुखणे हा ढीगच असतो. खाण उघडताना काढलेली काळी माती आणि मुरूम उतारावर, नेमका नाल्याच्या बाजूला, कसाही लोटलेला असतो. तो पावसाळ्यापूर्वी हलवून सपाट, उंचवट्याच्या जागी न्यावा, काळी माती मुरमापासून वेगळी ठेवावी (खाण बंद करताना तीच पसरायची आहे), उतार सौम्य करावा, पायथ्याशी डबराची भिंत घालावी, आणि पहिल्या पावसाबरोबर वर मारवेल किंवा पवन्या गवत लावून घ्यावे. कडेने घायपात लावला तर शेळ्याही त्याच्या वाटेला जात नाहीत.

खाणीतल्या चरांत अनगड दगडी बांध घालावेत, आणि वरच्या बांधाचा पायथा व खालच्या बांधाचा माथा एका पातळीत येईल इतके अंतर ठेवावे. दगड तर आपल्याकडे फुकटच आहे. हायवा (डंपर) जाणारा रस्ता एका अंगाला उतरता करून त्याचे पाणी जागोजागी चरात वळवावे, नाहीतर पावसात तो रस्ताच ओढा होतो.

तळ्याचे म्हणाल, तर गाळ बसण्यासाठी खोलीपेक्षा पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्र महत्त्वाचे असते. खोलीमुळे गाळ साठायला जागा मिळते आणि बसलेला गाळ पुन्हा उसळत नाही, एवढाच तिचा उपयोग. त्यामुळे तळे लांबट करावे, त्याचे दोन भाग पाडावेत, पहिल्या लहान भागात जाड गाळ पडू द्यावा, आणि आत येणारे व बाहेर जाणारे पाणी समोरासमोरच्या टोकांना ठेवावे. सांडवा दगडी पिचिंगचा, म्हणजे दगड बसवून पक्का केलेला, असावा. मंजुरीच्या अटींत तळ्याची क्षमता हिशेबाने येणाऱ्या पाण्यापेक्षा ५० टक्के अधिक मागितलेली असते. आपल्या मंजुरीपत्रात ती अट अवश्य पाहावी.

खाणीच्या तळात साचलेले पाणी पाऊस चालू असताना पंपाने बाहेर फेकू नये. ते तिथेच निवळू द्यावे आणि पंपाचे तोंड तरंगते ठेवून वरचेच पाणी उचलावे. नाल्यात सोडायच्या पाण्यातील तरंगत्या घन पदार्थांची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. एवढे करूनही माती बसत नसेल, तर तुरटीचा उपाय आहे, परंतु मात्रा आधी बादलीत पाहून ठरवावी, कारण जास्त तुरटीने पाणी आम्लधर्मी होते. निवळलेले पाणी क्रशरवर आणि रस्त्यावर मारण्यासाठी राखून ठेवल्यास पुढे टँकरचा खर्चही वाचतो.

तळ्यातला गाळ मे महिन्यात काढण्याची पद्धत आहेच. ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली की तो पुन्हा एकदा काढावा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात किती जमिनी खरडून गेल्या हे आपण पाहिलेच आहे, आणि तोवर जूनपासूनच्या गाळाने तळे निम्मे भरलेले असेल, तर त्या पावसात ते असून नसल्यासारखेच असते.