विंडोज ११ न घेणाऱ्या लॅपटॉपवर लिनक्स टाकावं का? एक स्टँपपेपर वाया घालवलेल्या बाईचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप २०१६ चा, विंडोज ११ घेत नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. मग विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स टाकावं का, टाकलं तर त्याच्या प्रकारांतलं उबुंटू, मिंट की फेडोरा, आणि हात बसायला किती दिवस लागतील?

टाका. मिंट टाका. कुठलं लिनक्स चांगलं यावर लोक रात्र रात्र भांडतात, त्यातलं तुमच्या कामाचं काही नाही. मिंट मुळात उबुंटूवरच बांधलेलं आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, त्यामुळे विंडोजवरून आलेला माणूस बावचळत नाही. रॅम चार जीबी असेल तर मिंटचं एक्सएफसीईवालं हलकं रूप घ्या, आठ असेल तर सिनॅमनवालं. किती दिवस लागतील ते मात्र मला विचारू नका, कारण माझा पहिलाच दिवस शंभर रुपयांना पडला.

तालुक्याच्या गावी कचेरीच्या रस्त्याला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वाटणीपत्रं, अर्ज. पीसी चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचा. त्यावर विंडोज टाकायचं काम कायम माझ्या धाकट्या दिरांचं, कारण त्यांचा धंदाच कॉम्प्युटर दुरुस्तीचा. पेन ड्राईव्ह घेऊन यायचे, विंडोज टाकायचे, मग अँटिव्हायरस बंद करून ॲक्टिव्हेट करायची एक फाईल चालवायचे. मला ते तेव्हाही खटकायचं. दाराची कडी आपणच काढून ठेवायची आणि मग कुलूप लावलं म्हणायचं, त्यातली गत.

२०२२ च्या उन्हाळ्यात एका सकाळी मशीन लावलं तर प्रत्येक फाईलच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली. एक फाईल उघडेल तर शपथ. सोबत एक चिठ्ठी: पैसे भरा, चावी देतो. असले खंडणीवाले व्हायरस बरेचदा क्रॅक आणि ॲक्टिव्हेटरमधूनच, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायच्या चोरट्या फाईलींमधूनच येतात. माझ्याकडे कुठून आला हे शपथेवर सांगता येणार नाही, पण माझ्या मनात शंका नाही. जुन्या मसुद्यांचा एक पेन ड्राईव्ह कपाटात होता म्हणून वाचले, तरी वर्षभराचं काम गेलंच.

भावजी म्हणाले, "वहिनी, फॉरमॅट मारून देतो. घरचं आहे, पाचशेच द्या."

मी म्हटलं, नको. मुलगी तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होती, तिनं फोनवर मिंटचं सांगितलं. भावजी हसले. "फुकटचं आहे ते वहिनी. फुकटच्या गोष्टीला वाली नसतो. चार दिवसांत मला फोन कराल."

मुलीनं बजावलं होतं, आधी पेन ड्राईव्हवरूनच चालवून बघ, प्रिंटर बघ, मग इन्स्टॉल कर. पण भावजींचं ते वाक्य डोक्यात बसलेलं. रविवारी दुपारी बसले आणि थेट डिस्क पुसून टाकली. अर्ध्या तासात मिंट चालू. लेझर प्रिंटरही त्यानं आपणहून ओळखला. ए-फोरवर एक पान काढून बघितलं, झकास आलं. मी खूश.

सोमवारी साडेदहाला एका वकिलांचा कारकून आला, प्रतिज्ञापत्र घेऊन. तेव्हा शंभराचा स्टँप चालायचा. स्टँपची वरची छापील बाजू सोडून मजकूर खाली सुरू करायचा, कागद लीगल, ही आमची रोजची सवय. फाईल लीगलचीच होती. प्रिंट दिली. स्टँप बाहेर आला तो "वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे" इथपर्यंतच. "खरा व बरोबर आहे" नाही, ठिकाण नाही, दिनांक नाही, सहीची ओळ नाही. कारकून माझ्याकडे बघतोय, मी स्टँपकडे. आणि समोरच्या टपरीवर भावजी चहा पीत उभे. ते एक शब्द बोलले नाहीत, नुसती बशी खाली ठेवली. ती बशी मला अजून दिसते.

स्टँपचे पैसे मी भरले. कारकुनाला बाजूच्या दुकानात पाठवायला लागलं, ते पैशापेक्षा जास्त लागलं. रात्री शटर अर्धं ओढून फोन हातात घेऊन बसले. फाईलमध्ये लीगल, पण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए-फोर. लीगल चौदा इंच, ए-फोर पावणेबारासुद्धा भरत नाही, म्हणून खालचे सव्वादोन इंच गायब. लिनक्समध्ये छपाईचं सगळं कप्स नावाचा प्रोग्राम बघतो. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ टाकलं की त्याचं पान उघडतं. तिथं प्रिंटरचा डीफॉल्ट कागद लीगल केला, साध्या लीगल कागदावर तीन प्रिंटा काढल्या, तिन्ही बरोबर. साडेदहा वाजले होते. भावजींना फोन केला नाही. त्या रात्री नाही आणि त्यानंतरही नाही.

हे एवढं का सांगितलं, तर विंडोजवर अशी भानगड झाली असती तर मी हातसुद्धा लावला नसता. "भावजींना विचारू" म्हणून दोन दिवस दुकान बंद राहिलं असतं.

फुकटच्या गोष्टीला वाली नसतो म्हणे. अहो भावजी, तुमचं विंडोज तरी कुठं विकत घेतलेलं होतं? लिनक्सचं कर्नल, म्हणजे आतला गाभा, १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिहायला घेतलं, आणि आज भावजींच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये तेच आहे. त्यावर मोठमोठ्या कंपन्यांची पगारी माणसं काम करतात. वाली नाही तो क्रॅकला. पण हे मला त्या दिवशी सुचलं नाही, आता सुचतंय, म्हणून इथं लिहिते.

मराठी टायपिंगचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मिंटमध्ये कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी घ्या, इनस्क्रिप्ट ही युनिकोड मराठीची कळपट्टी मिळते, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. माझी बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळपट्टीवर तयार झालेली, त्यामुळे इनस्क्रिप्टनं पहिले दोन महिने रडवलं. जुने मसुदे युनिकोडच्या आधीच्या फाँटमधले. तो फाँट मिंटवर टाकला की फाईल दिसते जशीच्या तशी, पण तोच मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की रोमन अक्षरांचा नुसता काला. म्हणून सगळं युनिकोडमध्ये बदलून घेतलं, आणि कन्व्हर्टरनं "राहणाऱ्या"चं "राहणार्या" करून ठेवलं. एकेक हातानं सुधारलं. तो अर्धा र हवा तर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य साठी स्लॅश. लिहून ठेवा, हे कुणी सांगत नाही.

विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकणार असाल तर आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (मशीन पूर्ण बंद न करता लवकर चालू करायची सोय) बंद करा. नाहीतर लिनक्समधून विंडोजची ड्राईव्ह नुसती वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही, आणि तुम्ही लिनक्सला शिव्या देत बसाल. सी ड्राईव्ह, डी ड्राईव्ह असं काही तिथं नसतं, ते शोधू नका. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची भीती बाळगू नका, मला इतक्या दिवसांत दहा-बारा वेळा लागलं असेल.

आता हे आधी सांगायला हवं होतं, पण राहिलं. टॅलीवर हिशेबाचं काम असेल तर लिनक्स टाकू नका, टॅलीची लिनक्सवाली आवृत्तीच नाही. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेले एक्सेलचे फॉर्म भरत असाल तर लिनक्सवरचं लिब्रेऑफिस मध्येच मान टाकतं. कोरलड्रॉमध्ये पत्रिका करत असाल तर लिनक्सवरचं चित्रं काढायचं इंकस्केप त्या फाईली उघडतं, पण मांडणी हलते. व्हॅलोरंटसारखे गेम चालत नाहीत. डिजिटल सहीच्या डोंगलला ड्रायव्हर मिळतो, पण काही साइट त्याला जुमानत नाहीत.

आणि हो, त्या डोंगलसाठी माझ्या दुकानात कोपऱ्यात विंडोजचं एक मशीन आहे. भावजी हेच सगळीकडे सांगत फिरतात. ते विंडोज विकत घेतलेलं आहे, पावती फाईलला लावलेली आहे, आणि मागच्या दिवाळीला मी ती त्यांना काढून दाखवलीसुद्धा.

तर आज रात्री पेन ड्राईव्हवरून मिंट चालवा, डिस्कला हात लावू नका, वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. प्रिंटर अडला तर मॉडेल लिहा, बघते. आणि स्टँप घालण्याआधी कोरा कागद घाला.