पिकअपचं व्हेरिअंट घेताना आधी 4x4 बघ

भावा, पुढे मॉडिफाय करायचं डोक्यात असेल तर टचस्क्रीन, क्रोम, लेदर सीट बघून टॉप व्हेरिअंटवर पैसे घालवू नकोस. या गोष्टी नंतरही बसतात. 4x4 म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना, 4x2 म्हणजे फक्त दोन चाकांना. 4x4 मागाहून बसवणं परवडतच नाही. इसुझूची हाय-लँडर 4x2 आहे आणि व्ही-क्रॉसही 4x2 मध्ये मिळते, तेव्हा नावावर जाऊ नकोस. लो रेंज (हळू वेगात जास्त जोर देणारा गिअर) हवीच, रिअर डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारं कुलूप) असेल तर सोन्याहून पिवळं.

मोठ्या अलॉयचा मोह टाळ. 18 इंची रिमवरच्या 255/60 आर18 टायरची बाजूची भिंत 153 मिमी, 17 इंची रिमवरच्या 265/65 आर17 ची 172. गगनबावड्याकडच्या तांबड्या चिखलात हवा 20-22 पीएसआयवर आणली की ही जास्तीची उंचीच कामाला येते. बुटका टायर दगड आणि रिमच्या मध्ये चेपून फाटतो. 17 इंची रिम ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आतल्या ब्रेकच्या भागाला) घासत नाही ना, हे विकत घेण्याआधी लावून बघ. डांबरावर आलास की हवा भर, 4x4 बंद करून 4x2 वर ये. नाहीतर कोरड्या रस्त्यावर वळताना गिअरवर ताण येतो.

लिफ्टची (सस्पेन्शन वाढवून गाडी उंच करण्याची) घाई नको. दोन इंचांच्या वर गेलास की पुढच्या ड्राइव्हशाफ्टचा (चाकांना ताकद देणाऱ्या दांड्याचा) कोन वाढून त्याच्या सांध्यावरचे रबरी बूट फाटतात. मागचा डिफ (मागच्या ॲक्सलच्या मध्यावरचा गिअरचा गोळा) तर तिथेच राहतो, तो फक्त मोठ्या टायरनेच वर येतो. हौदा रिकामा असला की मागचे स्प्रिंगचे पाटे गाडी उडवतात, 60-70 किलो वजन घट्ट बांधून टाक. बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) मात्र लावू नकोस, 2017 पासून बंदी आहे.